पुतणीच्या जनुक-रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ आलंय. आमच्यासारख्यांची नोंद त्या जागतिक साठ्यात कशी जाते?

श्रीनिवास_पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. प्रश्न थोडा लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला कळणार नाही.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही. जन्मली तेव्हा दवाखान्यात कानाची तपासणी झाली होती आणि कागदावर दोन्ही कानांपुढं ‘पास’ लिहिलं होतं. त्यामुळं कुणाच्या मनात शंका आली नाही. खाली माग चालू असायचे, आवाजानं पत्रे हादरायचे आणि वर ही गाढ झोपायची. आई म्हणायची, मागवाल्याच्या घरची पोर आहे, तिला सवय आहे. पुढं दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळेना, तेव्हा बेरा टेस्ट केली, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. दोन्ही कानांत काहीच नाही.

डॉक्टरांनी रक्त बाहेरगावच्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला. ओटीओएफ नावाच्या जनुकात एक बदल आहे, आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तोच. पण त्यापुढं लिहिलंय ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. कारण काय, तर हा बदल नोमॅड नावाच्या, लोकांच्या जनुकांच्या जागतिक साठ्यात कुणातच सापडलेला नाही आणि क्लिनव्हार नावाच्या दुसऱ्या साठ्यात त्याची एकही नोंद नाही. म्हणजे हा रोगाचा बदल आहे की निरुपद्रवी आहे, ते सांगता येत नाही.

वहिनीला दुसरं मूल हवंय. डॉक्टर म्हणाले, या रिपोर्टच्या भरवशावर पोटातल्या बाळाची तपासणी करता येणार नाही. हे ऐकल्यापासून ती गप्प आहे.

मला खटकलं ते वेगळंच. लॅबच्या फॉर्मवर वंशाच्या रकान्यात कुणीतरी ‘इंडियन’ एवढंच लिहिलंय. आम्ही पद्मशाली. आजोबा तेलंगणातल्या सिरसिल्ल्याकडून इथं मागावर काम करायला आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दादा-वहिनीचं मेनरिकम आहे, वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. तिच्या मावशीचा मुलगा सिरसिल्ल्याला आहे, तोही जन्मापासून बहिरा. यातलं एक अक्षर फॉर्मवर नाही.

माझे प्रश्न असे. ‘अनिश्चित’ हे कायमचं असतं का? आमच्या लोकांची माहिती त्या साठ्यांत नाही म्हणून हे झालंय, असं मला वाचून वाटलं, ते बरोबर आहे का? आणि नसेल तर ती घालायला घरच्या माणसांनी काय करायचं? कुणाला माहीत असेल तर सांगा की.

साखरपेठची_लेक

श्रीनिवासभाऊ, माझं माहेर साखर पेठेत. गेली बरीच वर्षं हैदराबादला एका लॅबमध्ये हेच काम करते. मशीनमधून निघालेले बदल एकेक करून वाचायचे आणि त्यांना वर्ग द्यायचा. तुमच्या पुतणीसारखे रिपोर्ट माझ्या टेबलावर रोज येतात, त्यामुळं लांब लिहिते, रागावू नका.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. हो, बरोबर ओळखलंत. पण साठे दोन प्रकारचे असतात आणि तुमच्या रिपोर्टवर दोन्हींची नावं आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत.

नोमॅडमध्ये एवढंच कळतं की एखादा बदल किती लोकांत दिसतो. त्याची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्यात ८,०७,१६२ माणसांची माहिती आहे. तीन-चतुर्थांशाहून जास्त युरोपीय वंशाची. निम्म्याहून जास्त माणसं तर एकट्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेतून आली आहेत. दक्षिण आशियाई म्हणून जे धरलेत ते साधारण ४५ हजार, आणि त्यात पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंत सगळे एकत्र. त्याआधीच्या ‘१००० जीनोम’ (जीनोम म्हणजे माणसाचा सगळा जनुकसंच) प्रकल्पात २,५०४ माणसं होती, दक्षिण आशियाई ४८९. ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तमिळ व तेलुगू. मराठी गट नाहीच. तेलुगू आहेत, पण त्यांत पद्मशाली कोण, रेड्डी कोण, कोमटी कोण, हे तिथं दिसत नाही.

आणि आपल्याकडं ते दिसणं फार गरजेचं आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २६० हून अधिक दक्षिण आशियाई समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी (युरोपातल्या) ज्यूंपेक्षाही ठळक निघाली, आणि हे दोघे तर त्यासाठीच ओळखले जातात. यातले काही समूह दहा लाखांहून मोठे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच होतात, त्यामुळं एखाद्या जुन्या पूर्वजाचा बदल त्या समूहात पुन्हा पुन्हा वर येतो आणि शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या समूहात अजिबात नसतो. कोमटी म्हणजे आर्य वैश्य लोकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. भूल देताना सक्सिनिलकोलीन नावाचं औषध देतात, ते शरीरात मोडणारं एक एन्झाइम त्यांच्यात काही जणांना जन्मतः नसतं. इतरांचे स्नायू काही मिनिटांत पूर्ववत होतात, यांचे कित्येक तास होत नाहीत, तोवर व्हेंटिलेटर लागतो. ही कमतरता त्या समाजात इतरांच्या सुमारे शंभरपट आढळते. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दुसरं औषध वापरतो, बस. ‘इंडियन’ एवढंच लिहिलं की ही माहिती हरवते.

बहिरेपणातही असंच आहे. जीजेबी२ या जनुकात युरोपात एक बदल सर्रास दिसतो, चीन-जपानकडं दुसरा, आणि भारतात तिसराच, डब्ल्यू२४एक्स म्हणतात तो. फक्त युरोपची यादी घेऊन बसलं असतं तर आपल्या किती मुलांना कारण सापडलं नसतं.

उलटी चूकही होते. अमेरिकेत हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजाराचे म्हणून नोंदवलेले काही बदल काळ्या लोकांत निरोगी माणसांतही बऱ्यापैकी दिसतात, हे २०१६ मध्ये उघड झालं. मूळ अभ्यासात काळी माणसं पुरेशी असती तर तो शिक्का बसलाच नसता. निरुपद्रवी बदल आजाराचा आहे असं लोकांना सांगितलं गेलं होतं. म्हणजे साठ्यात आपण नसलो तर खरं कारण निसटतं आणि खोटं कारण चिकटतं, दोन्ही.

आता क्लिनव्हार. तो अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेचा, २०१३ पासून सगळ्यांना खुला आहे. त्यात ‘हा बदल आम्हाला या आजाराच्या रुग्णात दिसला आणि आमच्या मते तो अमुक वर्गाचा आहे’ अशा नोंदी लॅब आणि संशोधक घालतात. तुमच्या कामाचा साठा खरा हा. देशात ‘जीनोम इंडिया’ झालं, सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम झाले, जानेवारी २०२५ पासून फरीदाबादच्या केंद्रातून ती माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते. फार मोठं काम आहे ते आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ती निरोगी माणसं आहेत. एखादा बदल आपल्याकडं सर्रास आहे की दुर्मिळ, ते त्यातून कळेल. त्यानं आजार होतो का, हे रुग्णांच्या नोंदींतूनच कळतं. आणि तिथं आपण फारच मागं आहोत.

माझ्या टेबलावरून दिसणारं चित्र सांगते. तुमच्या पुतणीचाच बदल समजा माझ्या लॅबला भिवंडीच्या एका कुटुंबात दिसला, बंगळूरच्या लॅबला वरंगळच्या दुसऱ्या कुटुंबात. तिघांनीही ‘अनिश्चित’ लिहून फाइल बंद केली. एकाच थानाचे तुकडे तीन दुकानांत पडून राहावेत तसं. ते एकत्र दिसले असते तर नात्यात नसलेल्या तीन घरांत तोच बदल आणि तोच बहिरेपणा, हा भक्कम पुरावा झाला असता आणि वर्ग बदलला असता.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ‘अनिश्चित’ कायमचं नसतं. वर्ग पाच आहेत, निरुपद्रवीपासून रोगकारकापर्यंत, ‘अनिश्चित’ मधला; २०१५ च्या अमेरिकन नियमांनुसार आपणही तेच वापरतो. पुरावे जमले की मधला वर्ग वर किंवा खाली सरकतो. आणि तुमच्या घरात पुरावे आहेत, भाऊ! ते लॅबपर्यंत पोचलेच नाहीत.

सगळ्यात मोठा पुरावा जन्माच्या वेळचा तो ‘पास’चा कागद. टाकून दिला नसेल तर आजच शोधा. ती तपासणी ओएई असणार. त्यात आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशी काम करतात का ते बघतात. ओटीओएफ बिघडलं तर बाहेरच्या पेशी ठीक असतात, पण आतल्या केसपेशींकडून नसेला संदेश जात नाही. म्हणून ओएई पास आणि बेरा सपाट. बहुतेक जनुकांच्या बहिरेपणात ओएईसुद्धा नापास येते. ही जोडी ओटीओएफकडं बोट दाखवते. आणि वय वाढतं तशी ओएईसुद्धा नाहीशी होऊ शकते, त्यामुळं आज पुन्हा केली तर ती न येण्याचा संभव आहे. जन्माचा कागद म्हणून मोलाचा. लॅबला पाठवलेल्या फॉर्मवर नुसतं ‘ऐकू येत नाही’ असं असेल, तर आमच्यासारख्या वाचणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नसतो.

दुसरं, दादा आणि वहिनीचं रक्त. दोघांत एकेक प्रत सापडली तर मुलीला खरंच दोन प्रती आल्या हे नक्की होतं. नाहीतर कधीकधी दुसऱ्या बाजूचा तुकडाच गळालेला असतो आणि एकच प्रत दोन असल्यासारखी दिसते. तिसरं, सिरसिल्ल्याचा तो मावसभाऊ. त्याच्यातही दोन्ही प्रतींत हाच बदल निघाला तर पारडं बरंच झुकेल. घरात ऐकू येणारं कुणी मोठं माणूस दोन्ही प्रती घेऊन फिरत असेल, तर मात्र हा बदल निर्दोष आहे असं म्हणावं लागेल. तेही कळायला हवं.

लॅबला पत्र लिहा. डॉक्टरांच्या सहीनं गेलं तर उत्तम. मजकूर साधारण असा असावा:

‘रिपोर्ट क्रमांक अमुक. मुलीची जन्माच्या वेळची ओएई दोन्ही कानांत पास होती, नंतरची बेरा दोन्ही कानांत प्रतिसादाविना आहे, दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत. आईवडील सख्खे आतेमामे भावंड. समाज पद्मशाली, मातृभाषा तेलुगू, मूळ सिरसिल्ला. आईच्या बाजूला जन्मापासून बहिरा असलेला आणखी एक नातेवाईक आहे. आईवडिलांचे नमुने देण्याची तयारी आहे. या माहितीसह बदलाचं वर्गीकरण पुन्हा करावं आणि नाव-गाव न देता, आजाराच्या वर्णनासह त्याची नोंद क्लिनव्हारमध्ये करावी. त्यासाठी आमची लेखी संमती सोबत आहे.’

घरच्या माणसाला क्लिनव्हारमध्ये थेट नोंद घालता येत नाही, लॅबलाच घालावी लागते. पण मागितल्याशिवाय फार थोड्या घालतात. मागा.

बालरोग_सोलापूर

वरचं सगळं बरोबर आहे. दोनच गोष्टी.

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) रिपोर्टचा वर्ग बदलायची वाट बघू नका. भाषा येण्याचं वय निघून चाललंय. ओटीओएफच्या मुलांना इम्प्लांटचा फायदा सहसा चांगला होतो, तेव्हा या बाबतीत तरी मनात शंका नको. वर्ग नक्की होणं वहिनींच्या पुढच्या बाळंतपणासाठी महत्त्वाचं आहे, आणि पुढं जनुकोपचार हाती आले तर त्यासाठीही. ओटीओएफच्या उपचाराचे चीनमधल्या मुलांवरचे पहिले निकाल २०२४ च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. अशा चाचण्यांत घ्यायचं तर निदान नक्की लागतं, ‘अनिश्चित’ चालत नाही.

दुसरं, आम्हा डॉक्टर लोकांसाठी. ओपीडीच्या गर्दीत फॉर्म घाईत भरला जातो, मान्य. पण मातृभाषा, पोटजात, मूळ गाव आणि नात्यातलं लग्न हे चार रकाने भरायला मिनिटही लागत नाही. सोलापुरात एका दिवसात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं समोर येतात. सगळ्यांपुढं ‘इंडियन’ लिहिणं थांबवू या.

निवृत्त_मास्तर

मीही त्याच समाजाचा. श्रीनिवास, तुझ्या घरावर काय आलंय ते समजतं. पण एक विचारतो. उद्या ‘पद्मशाली लोकांत बहिरेपणाचं जनुक आहे’ असं इंटरनेटवर छापून आलं तर आपल्या पोरींची लग्नं कशी व्हायची? विड्या वळून, माग चालवून इथं पाय रोवले लोकांनी. त्यांच्या नावावर आता आजार चिकटवायचा का? आणि आपलं रक्त घेऊन कंपन्या काय करतात, कुणाला ठाऊक?

साखरपेठची_लेक

सर, तुमची भीती मला अगदी रास्त वाटते, ती खोडून काढायला मी लिहीत नाही.

रक्ताच्या गैरवापराचं उदाहरण खरंच घडलेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीनं १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढं त्याच रक्तावर मनोविकाराचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास झाला, त्यांना न विचारता. त्यांनी दावा लावला. २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यापीठानं तडजोड केली, सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. त्यामुळं संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नये, हे माझं प्रत्येकाला सांगणं असतं. निदानासाठी संमती, नाव न देता नोंद सामायिक करायला संमती, उरलेल्या नमुन्यावर संशोधनाला संमती, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आणि दुसरीला हो म्हणून तिसरीला नाही म्हणता येतं. एकाच ओळीत तिन्ही गुंडाळलेल्या असतील तर वेगळा कागद मागा.

क्लिनव्हारच्या नोंदीत नाव, पत्ता, जन्मतारीख काही नसतं. जनुक, बदल, आजार, वर्ग आणि वर्ग देण्याचं कारण. पण सोलापूरसारख्या गावात एवढ्यावरूनही ओळख पटू शकते, म्हणून समाजाचं नाव लॅबला सांगा, उघड नोंदीत मात्र ‘दक्षिण भारतीय’ एवढंच ठेवायला सांगितलं तरी चालेल. वर्गीकरण करणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.

आणि लग्नांचं म्हणाल तर याच काळजीतून न्यूयॉर्कच्या कट्टर ज्यू लोकांनी मार्ग काढला. एका धर्मगुरूची चार मुलं टे-सॅक्स या मेंदूच्या आनुवंशिक आजारानं गेली. त्यांनी १९८३ मध्ये डोर येशोरिम ही संस्था सुरू केली. लग्नाच्या वयाची मुलं-मुली रक्त देतात, त्यांना फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे आणि उत्तर एवढंच येतं, जुळतं की नाही. कोण वाहक आहे, म्हणजे बदलाची एक प्रत कुणात आहे, ते सहसा त्याला स्वतःलाही कळत नाही, तर गल्लीला कुठून कळणार? हे त्यांना करता आलं, कारण त्यांच्यात कोणता आजार फिरतोय आणि त्याचा वाहक रक्तातून कसा ओळखायचा, ते आधी कळलेलं होतं. सर, आपल्या समाजात आजार आत्ताही आहेच. नोंद नसल्यानं तो कमी झालेला नाही, फक्त आईच्या माथी मारला जातो. श्रीनिवासभाऊंची वहिनी गप्प आहे, ती कशानं?

निवृत्त_मास्तर

हे क्रमांकाचं मला माहीत नव्हतं. समाजाच्या बैठकीत असा विषय काढता येईल. पण लोकांना तेलुगूत समजावणारं कुणी लागेल, नुसता कागद वाटून होणार नाही.

साखरपेठची_लेक

दिवाळीला माहेरी येते. बोलवा, मी बोलेन.

श्रीनिवास_पूर्वभाग

अक्का, डॉक्टर, मास्तर, सगळ्यांचे आभार. ओएईचा कागद सापडला, आईनं बाळाच्या लसीच्या कार्डात घडी घालून ठेवला होता. पत्र गेलं. इम्प्लांटची तारीख घेतली, त्याला थांबलो नाही.

लॅबचं उत्तर आलं. आईवडिलांचे नमुने घेऊ म्हणाले. पण क्लिनव्हारबद्दल लिहिलंय की आम्ही फक्त रोगकारक ठरलेलेच बदल पाठवतो, अनिश्चित पाठवत नाही. असा नियम आहे का? आणि सिरसिल्ल्याच्या भावाची आई म्हणते, मी सही करते, घेऊन जा रक्त. चालेल ना?

साखरपेठची_लेक

क्लिनव्हारचा असा काही नियम नाही. तो पाचही वर्ग घेतो, अनिश्चितसुद्धा. उलट अनिश्चित नोंदच जास्त कामाची, कारण दुसऱ्या लॅबला तोच बदल दिसला की ती शोधत येते आणि दोघांचे पुरावे एकत्र होतात. बहिरेपणाच्या जनुकांसाठी क्लिनजेनचं (जनुकबदलांचा अर्थ तपासणारा अमेरिकन प्रकल्प) तज्ज्ञमंडळही आहे, पण आधी नोंद तर असायला हवी. हेच त्यांना शांतपणे लिहा. एवढं करूनही नाही म्हणाले तर डॉक्टरांकरवी एखाद्या संशोधन संस्थेच्या जनुक विभागाला कळवा, त्यांनाही नोंद घालता येते.

सिरसिल्ल्याच्या भावाचं वय काय? अठराच्या वर असेल तर आईची सही चालणार नाही. तो बहिरा आहे, अजाण नाही. खुणांची भाषा जाणणारं माणूस सोबत घ्या, शाळेतले जुने शिक्षक मिळतील. रक्त कशाला, कुठं जाणार, त्याला नको असेल तर नको, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. सही त्याची घ्या. आणि निकाल आल्यावर तोही त्यालाच आधी कळवा. आयुष्यभर ज्याचं कारण त्याला कुणी सांगितलं नाही, ते कळण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.